अन्नपूर्णेचा रंगीत फोटो

नांदुरा, ९ नोव्हेंबर १९७३

देऊळगाव राजाच्या मंडळींना रंगीत फोटो हवा आहे. साधा चालत नाही. थोरल्या मुलाच्या वेळी साधा फोटो पाहून होकार दिला आणि मांडवात सून सावळी निघाली, असं मध्यस्थ मोतीराम सांगत होता, आणि सांगताना हसत होता. मी त्याला म्हटलं, "बाजारात बैल घ्यायचा तरी माणूस स्वतः जाऊन दात पाहतो. बैलाचा फोटो मागवत नाही."

"बैलाचं येगळं हाय ताई," मोतीराम म्हणाला. "बैल परत नेता येते."

उत्तम, माझा धाकटा भाऊ, यावर मोठ्याने हसला. मुलीच्या बापाने हसावं!

अन्नपूर्णा त्याची एकुलती मुलगी, सत्तावीस पूर्ण. आजवर तीन नकार आले. एकाला ती उंच वाटली, एकाला शिकलेली, तिसऱ्याने कारण देण्याचीही तसदी घेतली नाही. हा मुलगा पाटबंधारे खात्यात आहे, वागायला बरा आहे म्हणतात. हे जमलं नाही तर जळगाव जामोदच्या एका बिजवराला तिला द्यायची, दोन मुलांसकट, असं उत्तमने घरात सांगून टाकलं आहे. सांगितलं तेव्हा अन्नपूर्णा भाकरी थापत होती. थापत राहिली.

अमरावतीच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन मी भावाकडे आले ती दोन पुस्तकं शांतपणे वाचता यावीत म्हणून. आता हे काम माझ्या गळ्यात आलं आहे. रंगीत फिल्म धुऊन मिळते मुंबईत, मुंबईच्या कंपनीला पत्रं इंग्रजीत लागतात, आणि घरात इंग्रजी फक्त मला येतं. मिशनच्या शाळेत जोगिणींनी मला इंग्रजी शिकवलं ते यासाठी!

१५ नोव्हेंबर

स्टेशन रस्त्यावर वाहेदचा स्टुडिओ आहे. नांदुऱ्यात रंगीत फोटो काढणारा तो पहिला, हे त्याने आम्हाला बसायच्या आत सांगितलं. दोन बाजूंना दोन मोठे बल्ब, मधे स्टूल, मागे पांढरा पडदा. बल्ब लावल्यावर भट्टीपुढे बसल्यासारखं झालं. अन्नपूर्णा दोनदा उठून बाहेर गेली. मी म्हटलं, अंगणात काढ ना बाबा, ऊन आहे चांगलं.

"उन्हात डोये मिटते पोरगी," वाहेद म्हणाला. खरं होतं. दारात गेली तरी ती हात आडवा धरत होती.

मग त्याने मला धडा दिला. "पाहा बाई, मुंबईवाल्याले फोटोत एखांदी पांढरी चीज लागते. तिच्याकडं पाहून तो बाकीचे रंग लावते. पांढरं पांढरं आलं का सगळं आलं."

हे मला पटलं. आमची चित्रकलेची सिस्टर एकच कोरा कागद आधी खिडकीपाशी धरायची, मग मेणबत्तीपाशी, आणि विचारायची, सांगा, कोणता पांढरा? म्हणून मी अन्नपूर्णेच्या केसांत पांढऱ्या शेवंतीचा गजरा माळला होता, त्यात माझा इस्त्रीचा रुमालही तिच्या हातात दिला. पांढऱ्याची काही कमी राहू दिली नाही.

कौशल्या, माझी भावजय, दिवाळीपासून पोरीला रोज हळद आणि डाळीचं पीठ चोळते आहे. गोरी होण्यासाठी. मी तिला म्हटलं, असं असतं तर आपल्याकडचे सगळे हळदीचे व्यापारी युरोपियन झाले असते. ती म्हणाली, "वन्सं, तुम्हाले लगन जमवायचं असतं तं समजलं असतं." घाव बरोबर बसला. मी वर माझ्या खोलीत आले.

२९ नोव्हेंबर

फोटो आला. आंब्याच्या रसात बुडवून काढल्यासारखा आहे. पडदा नारिंगी, रुमाल नारिंगी, गजरा झेंडूचा वाटतो. वाहेद अजिबात ओशाळला नाही.

"बल्बचा रंग बसला," म्हणाला. "डोयाले दिसत नाही, पण बल्बचा उजेड पिवया असते. फिल्मले दिसते."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगतलं असतं तं तुम्ही बसल्या असत्या का?"

एकंदरीत आपले डोळे बल्बच्या उजेडाला सांभाळून घेतात आणि फिल्म घेत नाही, असा हा प्रकार आहे. मुंबईला निगेटिव्ह परत पाठवायची, पिवळा कमी करून पुन्हा छापायला सांगायचं. मी पत्र लिहिलं. हातातला रुमाल हा पांढरा असून तो पांढराच दिसला पाहिजे, असं त्यांना खडसावून कळवलं आहे. मुलगी जशी आहे तशी दिसावी, एवढंच माझं मागणं आहे. जास्त गोरी नको, कमी नको.

४ डिसेंबर

अन्नपूर्णा जेवत नाही. फोडणीचा वास आला की तोंडावर पदर धरून परसात जाते. कौशल्या म्हणते उपास चालू असतील. मी तिला खोलीत बोलावून सरळ विचारलं, "तुला हे स्थळ नको असेल तर तोंडाने सांग. उपाशी राहून सांगायची पद्धत मला आवडत नाही."

"तसं काही नाही आत्या. मले तं पाह्यजेच हाय हे स्थळ."

"मग जेव."

"पाहूनच पोट भरते वो."

दुपारभर झोपते. तिच्या वयाची असताना मी दिवसाला सहा तास शिकवून वर वह्या तपासत होते. पण तिच्यापुढे काय वाढून ठेवलं आहे हे पाहिलं की वाटतं, झोपेल नाही तर काय करेल? जागं राहण्यासारखं या घरात आहे तरी काय.

१० डिसेंबर

दुसरा फोटो आला. रुमाल पांढरा, अगदी माझ्या कपाटातला. गजरा पांढरा. पडद्यावरचा डागसुद्धा जसाच्या तसा. आणि या सगळ्या पांढऱ्याच्या मधोमध अन्नपूर्णेचा चेहरा पिवळा. गळा पिवळा, हात पिवळे.

वाहेद, उत्तम आणि मी, तिघं त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाहत होतो.

"हळद," वाहेद म्हणाला. "नुसती हळद हाय ही. तुमच्या घरच्यांनी पोरीचं लगन लावायच्या आधीच हळद लावली."

"डोळ्यांतही?" मी विचारलं. डोळ्यांतला पांढरा भागही पिवळा आला होता.

"गेली असन डोयात. चोयताना जाते."

घरी येऊन मी हळदीची वाटी परसात भिरकावली. कौशल्या रडली. उत्तम म्हणाला, देऊळगावचे लोक घाई करून राह्यले, पौष लागायच्या आत फोटो पाहिजे त्यांना, तू पत्र लिही. लिहिलं. रुमाल ठीक आहे, आता चेहऱ्याचं पाहा, अजून पिवळा काढा. कंपनीचे लोक बिनडोक असावेत. ज्याने रुमाल बरोबर छापला त्याला तोंड बरोबर छापता येऊ नये?

१३ डिसेंबर

रुखमाबाई कासारीण बांगड्या घेऊन आली होती. अन्नपूर्णेचा हात हातात घेतला आणि मागच्या खेपेचं माप काढलं तर ते ढिलं झालं. एक माप लहान काढलं, तेही सैल. मग तिने पोरीची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"काय वो, पोरीले कावीळ तं नाही झाली? डोये पाहा ना."

आणि लगेच उपाय. जळगाव जामोदजवळ कोणी एक बाबा आहे, तो मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवतो. माळ आपोआप लांब होत गळ्यात उतरते आणि कावीळही उतरते. मी तिला सुनावलं. म्हटलं, मुळ्या सुकल्या की दोरा सैल होतो, माळ लांब होणारच. तुमच्या बाबाने दगडावर ठेवली तरी दगडाची कावीळ उतरेल. विसाव्या शतकात या घरात असलं काही बोलायचं नाही.

"मी तं पोरीसाठी म्हणून राह्यली बाई," ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली.

"पोरीसाठी आम्ही आहोत."

ती गेल्यावर उत्तम दाराच्या आडून बाहेर आला. सगळं ऐकलं होतं त्याने. "ताई, बरं केलं. हा शबुद घरात काढायचा नाही. ते बाई गावभर फिरते. देऊळगावले कळलं का पोरीले बिमारी हाय, तं संपलं सारं." आयुष्यात पहिल्यांदा आम्हा भावंडांचं एकमत झालं.

संध्याकाळी तरीही मी अन्नपूर्णेला माझ्या खोलीतल्या दिव्याखाली उभं केलं आणि पाहिलं. पिवळी दिसली. मग माझा स्वतःचा तळहात तिच्या गालाशेजारी धरला. तोही पिवळा. भिंत पिवळी, गादीची चादर पिवळी. हा दिवा विजेच्या दाबाप्रमाणे कंदिलासारखा होतो. बल्बच तसा, दुसरं काय.

"आत्या, आरशातबी मी अशीच दिसते," ती म्हणाली.

आरसा कौशल्याच्या माहेरचा आहे, पारा उडालेला. त्यात मीही बरी दिसत नाही.

२२ डिसेंबर

तिसरा फोटो. चेहऱ्याचा पिवळा गेला. त्याबरोबर गजरा निळा झाला, रुमाल निळीत बुचकळल्यासारखा, ओठ जांभळे. कौशल्याने हातात घेतला आणि ठेवूनच दिला. "ही तं विहिरीतून काढलेली बाई दिसते," म्हणाली.

वाहेद वैतागला होता. "पोरगी बरोबर करा, नाही तं रुमाल बरोबर करा. दोन्ही एका फोटोत बसून नाही राह्यले. म्या तं असा फोटो पाह्यला नाही. पहिल्यांदा वाटलं मुंबईवाल्याची चूक हाय. आता वाटते कॅमेऱ्यातच काही बिघडलं."

"तुझा कॅमेरा तपासून घे."

"घेतला ना. तुमच्या नंतर दारोगाच्या पोराचा काढला. लोण्यासारखा आला."

मी म्हटलं, पुन्हा बसवू या तिला, पण यावेळी अंगणात, उजेडात. अन्नपूर्णेने मान हलवली. तिला जिना चढून वर यायलाही दोनदा थांबावं लागतं. उत्तमला पौष दिसतो आहे. शेवटी वाहेदने तोड काढली. दुसरा फोटो, ज्यात रुमाल पांढरा आहे, तो घ्यायचा आणि चेहऱ्यावर ब्रशने रंग भरायचा. साध्या फोटोंवर तो पूर्वी गाल-ओठ रंगवायचाच.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"बाई, सत्तावीसची पोरगी हाय," उत्तम म्हणाला. मला तो 'बाई' म्हणतो तेव्हा वाद संपलेला असतो.

मी तो विषय तिथेच सोडून दिला. पटलं म्हणून नव्हे. मला कंटाळा आला आहे. महिनाभर मी दोन ओळींचं सत्य छापून मागते आहे आणि ते कोणालाच छापता येत नाही.

३० डिसेंबर

रंगवलेला फोटो मोतीराम घेऊन गेला. गाल गुलाबी आहेत. डोळ्यांत पांढरा रंग इतका स्वच्छ भरला आहे की सोललेल्या अंड्यांसारखे दिसतात. फोटो सुंदर आहे. कोणाचा आहे कोण जाणे. अन्नपूर्णेने पाहिला, बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "हे कधीची मी हाय?" मी म्हटलं, तू कधीच अशी नव्हतीस, आणि बरंच आहे.

पौषात बोलणी नकोत म्हणणारे लोक फोटो मात्र पौषातही पाहतात.

८ जानेवारी १९७४

होकार आला. पौष संपला की मंडळी येणार, मुलगी बघण्याचा कार्यक्रम फक्त नावाला. मोतीराम सांगत होता की सासूने फोटो देव्हाऱ्यापाशी उभा केला. घरात पेढे वाटले. रुखमाबाईकडेही पाठवले, मुद्दाम.

मला आनंद झाला का? झाला असावा. बिजवर टळला एवढं खरं. पण ज्या मुलीला त्यांनी पसंत केलं ती वाहेदच्या दुकानात ब्रशने तयार झाली आहे. दारात उतरतील तेव्हा तिला कुठून आणायची?

अन्नपूर्णा झोपूनच होती. दुपारी उठून आली, चुलीपाशी बसली आणि आईला विचारलं, "सकाय झाली का?" चहात मीठ घातलं. आम्ही हसलो. मी म्हटलं, लग्नाचं नाव काढलं की मुलींची अक्कल जाते हे ऐकून होते, आज पाहिलं. ती पण हसली, पण आमच्यापेक्षा थोडी उशिरा.

हात ओरबाडून घेते, अंगभर रेघोट्या उठल्या आहेत. नवी घोंगडी चावत असेल. बदलायला सांगितली.

१३ जानेवारी

आज तिने मला ओळखलं नाही. क्षणभरच. "तुम्ही कोण्या शाळेच्या?" असं आदराने विचारलं. मी म्हटलं, अन्नपूर्णा, हा काय पोरकटपणा? तेव्हा म्हणाली, "हो, आत्याच हाय." आणि कूस बदलली.

मी उत्तमला म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला, गावातला नको, गावातला डॉक्टर म्हणजे गावच झालं. पौष संपू दे. मी म्हटलं, पौषाचा आणि तिच्या पोटाचा काय संबंध? तो म्हणाला, दहा दिवसांचा प्रश्न आहे ताई, तुझ्यापुढे हात जोडतो.

त्याने खरंच हात जोडले. मी त्याला फार सुनावू शकले असते. सुनावलं नाही.

अकोला, १७ जानेवारी

काल पहाटे तिला काळी उलटी झाली. पहिल्या गाडीने अकोल्याला आणलं. डब्यात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. समोरची बाई आपल्या मुलाला मागे ओढत होती. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने मुलाला सोडलं.

डॉक्टर तरुण आहे, हळू बोलणारा. त्याने अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, एकदाच, आणि सोडली. मग आमच्याकडे वळला.

"केव्हापासून पिवळी आहे?"

कौशल्या म्हणाली, "हळद लावत होतो."

उत्तम तिच्या अंगावरची चादर सारखी करू लागला.

"केव्हापासून?" डॉक्टरने मला विचारलं. मीच शिकलेली दिसत असेन.

मला तारीख माहीत होती, वाहेदकडे फोटो काढला तो दिवस. मुंबईच्या कंपनीलाही माहीत आहे, माझ्या दोन्ही पत्रांत लिहिलेली आहे. मी ती सांगितली. त्याने लिहून घेतली आणि थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं.

नंतर त्याने उत्तमला व्हरांड्यात नेलं. कावीळ होती, तेव्हाच निजवून ठेवून पथ्याने वागवली असती तर बहुतेक निघून गेली असती, आता यकृत गेलं आहे आणि विष डोक्यात चढतं आहे, असं सांगितलं. उत्तमने विचारलं, "पौष संपेस्तोर बरी होईल का साहेब?" डॉक्टर अकोल्याचाच असावा. त्याला प्रश्न कळला. त्याने उत्तमच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

१८ जानेवारी

तिची खाट वॉर्डच्या आतल्या टोकाला होती, तिथे दिवसाही बल्ब जळतो. मी नर्सला सांगितलं की या उजेडात कोणीही पिवळं दिसेल, तुम्ही हिच्याकडे नीट पाहिलेलंच नाही. ती माझ्या आवाजाने दचकली. शेवटी तिने वॉर्डबॉयला बोलावलं आणि आम्ही तिघांनी खाट ओढत खिडकीपाशी आणली. खिडकी मोठी आहे, दक्षिणेची. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

ओढताना हिसके बसले तशी अन्नपूर्णा जागी झाली. माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"आत्या, इथं तं बल्ब नाही ना?"

"नाही."

"मंग पाहून घे."

आणि तिने स्वतः तोंड उजेडाकडे केलं.

चादर पांढरी होती. नर्सची टोपी पांढरी होती, भिंतीचा चुना पांढरा, खिडकीबाहेर तारेवर वाळत घातलेल्या पट्ट्या पांढऱ्या. माझा हात हातासारखा होता. मी सगळं एकेक करून पाहिलं. कुठे काही चुकलेलं सापडेना. मग तिच्याकडे पाहिलं.

"कशी दिसते?"

मी जन्मात कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोललेले नाही. "फोटोत होतीस तशी," मी म्हणाले. "दुसऱ्या फोटोत."

"मीबी तेच तं सांगत होती," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

त्यानंतर ती बोललेली नाही. कौशल्या पायाशी बसून आहे. उत्तम स्टेशनवर गेला आहे. देऊळगावला तार करायची म्हणाला, पण काय लिहायचं ते विचारायला दोनदा परत आला. नर्स म्हणते, ऊन तोंडावर येतं आहे, पडदा ओढा. मी ओढू दिलेला नाही.